अथालचा प्लॉट आणि सिंगापूरची फिल्म

भाऊ,

तुझ्या तेराव्याची जेवणं उरकली आणि क्वार्टरच्या ओट्यावर तुझ्या ऑफिसातले दोघेतिघे पान लावत बसले. मी आत ताटं आवरत होते. त्यातला एक म्हणाला, "नशीब बघा. जमीन विकून हा माणूस सिंगापूरला डोकं तपासायला गेला आणि गेला कशाने, तर काविळीने. काय उपयोग झाला?"

मी ताटं तिथेच ठेवली. पदराला हात पुसत बाहेर गेले, कपाळावरचे केस मागे सारले आणि भांगापासून कानापर्यंत उतरणारा तो व्रण त्यांना दाखवला. म्हटलं, "उपयोग हा. मी तुमच्यासमोर उभी आहे ना?"

ते वरमले. चांगली माणसं आहेत, मनात काही वाईट नव्हतं. पण मला तेव्हा कळलं, की ही गोष्ट तुझी आणि माझी होती आणि आता ती सांगायला मी एकटीच उरले आहे. लोकांना सांगायच्या आधी तुलाच सांगते. तू असताना या गोष्टीवर आपण फक्त भांडलो.

आई गेली तेव्हा मी चौदाची होते, तू वीसचा. डहाणूजवळच्या आपल्या घरामागे ती सुक्या बोंबलांच्या माळा उतरवत होती. "डोक्यात काहीतरी फुटलं गं," एवढंच म्हणाली आणि बसली ती उठलीच नाही. सेहेचाळिसावं चालू होतं तिला. गावाने ऊन लागलं म्हटलं, कोणी बाहेरची बाधा म्हटलं. आपणही तेच धरून चाललो. पुढे धरणाच्या कामावर सर्व्हेअर म्हणून तू सिल्वासाला आलास, मागोमाग मला इथल्या मराठी शाळेत नोकरी लागली, आणि मधू, आपला मधला, तोही इथेच कारखान्यात लागला. मग मधूही तसाच गेला. दुपारच्या पाळीत डबा उघडता उघडता कोसळला. लग्नही झालं नव्हतं त्याचं.

मधूला मुंबईला नेलं, तिथेच तो गेला. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा आपल्याला सांगितलं, की मेंदूतल्या रक्तवाहिनीला एखाद्या ठिकाणी फुगा येतो, तो वर्षानुवर्षं गप्प असतो आणि एक दिवस फुटतो. "घरात आणखी कोणी असं गेलंय का?" त्यांनी विचारलं. तू आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही आई दिसत होती.

मी रडत होते, भाऊ. तू वही काढलीस.

त्या वहीचा मला तेव्हा रागच आला. भावाचं प्रेत आत आहे आणि हा डॉक्टरांना विचारतोय, आमच्या डोक्यात आहे का ते न फुटता कसं कळेल? डॉक्टरांनी तुला नीट उत्तर दिलं. जांघेतून नळी घालून, रंग सोडून फोटो काढता येतात, पण त्यातही थोडा धोका असतो, धडधाकट माणसावर ते कोणी करत नाही. नळी न घालता चुंबकाच्या यंत्राने रक्तवाहिन्या दाखवायची पद्धत निघाली आहे, परदेशात काही ठिकाणी करतात, इथे अजून आमचा हात त्यावर बसलेला नाही. आणि मग ते म्हणाले, "पण शोधायच्या आधी ठरवा. सापडलं तर काय करणार? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याने शोधू नये."

हे वाक्यही तू वहीत लिहिलंस. मी पाहिलं.

पुढचे सहा महिने तू पत्रं लिहीत होतास. आमच्या ह्यांच्या नरोलीच्या कंपनीत फॅक्स होता. शनिवारी साहेब गेल्यावर हे तुला आत घेऊन जायचे. फॅक्समधून कागद सरकत बाहेर यायला लागला की पाळीवरची पोरं गोळा व्हायची, "सर्व्हेअरसाहेबांचं डोकं आलं" म्हणायची. तूही हसायचास. चार ठिकाणी लिहिलं होतंस. लंडनचा खर्च वाचून तू कागदाची घडी करून ठेवून दिलीस. एका ठिकाणाहून रंगीत पुस्तक आलं, गुळगुळीत कागदाचं. आत बाग, तळं, हसणाऱ्या परिचारिका, संपूर्ण शरीराची तपासणी, शिवाय विमानतळावरून गाडी. वहिनीला ते फार आवडलं. तू म्हणालास, "यात सगळं आहे. डोक्याच्या फोटोची फिल्म कोण वाचणार तेवढं नाही."

सिंगापूरहून मात्र दोन पानं आली, साधी टाईप केलेली. यंत्र कोणतं, फिल्म कोण वाचतं, किती दिवस थांबावं लागेल, काही सापडलं तर पुढे काय. शेवटी एक ओळ होती, की अगदी बारीक फुगा असेल तर या यंत्राला तो दिसेलच असं नाही. मी म्हटलं, "बघ, तेच सांगतायत, खात्री नाही. कशाला जायचं?" तू म्हणालास, "आपल्याला काय दिसत नाही ते जो आधी सांगतो, त्याने जे दिसतंय म्हटलं त्यावर माझा विश्वास बसतो." झालं, सिंगापूर ठरलं.

आता पैसा. तुझ्याजवळ होता तो अथालचा प्लॉट. धरणाच्या नोकरीत जमवून घेतलेला. त्यावर बांधायच्या घराचा नकाशा तू स्वतः काढला होतास, वहिनीच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या होत्या. सिल्वासाच्या आजूबाजूला कारखाने उठत होते, जमिनीला गिऱ्हाईक आयतं होतं. तुला वाटलं वहिनी भांडेल. ती धुळ्याची, बोलायला फटकळ. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवलंही नाही. "इकून टाका. भाड्याच्या घरात काय माणसं राहत नाहीत का? मला घर हवंय ते तुम्ही असाल म्हणून हवंय." तू माझ्याकडे पाहिलंस, म्हणालास, "हिला कोणी सर्व्हेअर करायला हवं होतं."

आणि मग तू मला विचारलंस.

तो रविवार मला लख्ख आठवतो. तू मला मोटारसायकलवरून दुधनीला, धरणाच्या पाण्याकाठी घेऊन गेलास. पाणी भरलेलं होतं, होडीवाले जाळी सुकवत होते. तू पाण्याकडे हात करून दाखवलंस, इथे अमक्याचं शेत होतं, तिथे विहीर. तू सगळं चालत मोजलं होतंस. म्हणालास, "नंदे, पाणी कुठवर येणार हे आम्ही आधी मोजलं. म्हणून माणसांना वर हलवता आलं. आधी कळलं की माणूस वाचतो."

मी म्हटलं, "हलवलं. पण हलायचं का, हे त्यांना विचारलं होतं कोणी?"

  त्या प्रश्नाला तू पुढेही कधी खोटं उत्तर दिलं नाहीस. तेव्हाही म्हणालास, "नसेल विचारलं. म्हणून तुला विचारतोय."

"मग माझं उत्तर नाही. मला कळायला नकोय, भाऊ. आत फुगा आहे हे कळलं तर मी फळ्यावर एक ओळ लिहू शकणार नाही. तो फुटेपर्यंत रोज मरेन."

"बरं," तू म्हणालास. एवढंच. परत येताना वाटेत आपण भुट्टे खाल्ले. तू पुन्हा विषय काढला नाहीस, वहिनीकडून काढवला नाहीस, ह्यांना मध्ये घातलं नाहीस. एकट्याच्या नावाने कागद पाठवलेस.

माझं मन बदललं ते तुझ्यामुळे नाही, हेमामुळे. हे तुला कधी नीट सांगितलं नाही. माझी हेमा तेव्हा अकरा वर्षांची. एके सकाळी वेण्या घालून घेता घेता तिने विचारलं, "आई, तू आजीएवढी कधी होणार?" मी म्हटलं, "म्हातारी?" ती म्हणाली, "नाही. सेहेचाळीस." मोठी माणसं आपसात बोलतात आणि समजतात पोरं खेळतायत. तिने सगळं ऐकलं होतं, हिशेब करून ठेवला होता, सात वर्षं उरली हे तिला माहीत होतं. मी वेणी अर्धी सोडून तशीच बसले. मला वाटत होतं मी न कळण्याची निवड केली आहे. कळलेलं तर होतंच, घरातल्या सगळ्यात लहान माणसालासुद्धा. फक्त खरं की खोटं तेवढं कोणाला माहीत नव्हतं.

शाळेत जायच्या आधी तुझ्या क्वार्टरवर आले. तू दाढी करत होतास. मी म्हटलं, "माझाही पासपोर्ट काढ."

तुझ्या जागी मी असते तर निदान हसले असते. तू आरशातूनच म्हणालास, "फोटो चार लागतात. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

माझ्यामुळे सगळं तीन महिने लांबलं. परकीय चलनाच्या परवानगीसाठी वापीच्या बँकेत तुझे किती खेटे झाले! काउंटरवरचा माणूस विचारायचा, पेशंट कुठे आहे? तू सांगायचास, मीच. तो तुला वरपासून खालपर्यंत बघायचा. "पण तुम्हाला झालंय काय?" "तेच बघायला चाललोय." डॉक्टरांचं पत्र तीनदा बदलून आणावं लागलं, कारण काही झालेलं नसताना माणूस तपासायला परदेशी का जाईल, हे कुठल्याच फॉर्मात बसत नव्हतं.

सिंगापूरचं मला फार थोडं आठवतं. एका खानावळीच्या वरची खोली, खालून येणारा सांबाराचा वास, आणि तू रोज सकाळी नकाशा उघडून हॉस्पिटलपर्यंतची वाट नव्याने शोधायचास, जरी ती सरळ एकाच रस्त्याने जात होती. यंत्रात जायच्या आधी धातूचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र काढायला माझा हात उचलेना. तिथली तमिळ नर्स समजूतदार होती, तिने आपल्या गळ्यातली पिवळी दोरी, त्यांचं मंगळसूत्र, दाखवली, "मीपण काढून आत जाते," म्हणाली तुटक इंग्रजीत. मी ते काढून तुझ्या हातात दिलं. तू ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलंस आणि वरून हात दाबून धरलास.

आतला तो आवाज! कोणी पत्र्यावर घण घालावा तसा. मला गुदमरायला झालं. हातातली घंटा दाबणार होते. मग शाळेतल्यासारखे पाढे म्हणायला लागले, मनात. एकोणतीसचा मला कायम अडतो, म्हणून तोच घेतला. अडायचं, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. किती वेळ गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावल्या. आधी तुझी. सगळं स्वच्छ. मी तुझा दंड दाबला. मग माझी. त्यांनी पेन्सिलचं टोक एका जागी ठेवलं, कपाळाच्या मागे, आणि सावकाश, मला समजेल असं इंग्रजी बोलले. वाटाण्याएवढा.

मला भीती वाटली नाही. आधी राग आला. मी तुझ्याकडे वळले तर तू जागेवर नव्हतास. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला होतास, गुडघ्यात डोकं घालून. धरणाच्या भिंतीवरून वाऱ्यात चालणारा माझा भाऊ. मला पाहून म्हणालास, "माझ्यात असायला हवा होता गं. मी तयारी करून आलो होतो."

मी म्हटलं, "तू मला का आणलंस?"

हे मी बोलले, भाऊ. मी स्वतःच्या पायांनी आले होते, तू एका शब्दाने ओढलं नव्हतंस, आणि तरी बोलले. येताना विमानात तुझ्याशी बोलले नाही. सिल्वासाला आल्यावर अठरा दिवस बोलले नाही. तू घरी आला नाहीस. वहिनीच्या हाती मोठं पाकीट पाठवलंस, आत माझी फिल्म. वर चिठ्ठी: "ही तुझी आहे. तुझ्याकडे असू दे. काय करायचं ते तू ठरव. मी आहे." मुंबईच्या सर्जनचं नाव नाही, सल्ला नाही, काही नाही.

त्या अठरा दिवसांत मी रोज शाळेत गेले. फळ्यावर लिहिता येणार नाही म्हणाले होते ना? लिहिता आलं. तिसरीच्या मुलांना कपाळामागचं काही दिसत नाही, त्यांना हातचा चुकलेला दिसतो. आणि त्या दिवसांत माझं मन स्वच्छ होत गेलं. सिंगापूरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. दर वर्षी फोटो काढून लक्ष ठेवायचं, नाहीतर कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी चिमटा लावायचा. दर वर्षी सिंगापूर आपल्याला परवडणारं नव्हतं, अथालला दुसरा प्लॉट नव्हता. शिवाय त्यांनीच सांगितलं होतं, ऑपरेशनसाठी इथे येऊ नका, तुमच्या मुंबईत हे करणारे हात आहेत. एकोणिसाव्या दिवशी मी तुझ्या दारात उभी राहिले. "मुंबईला करायचं. दिवाळीच्या सुट्टीत. रजा वाया जायला नको."

तू खुर्ची पुढे केलीस. "बस. चहा घे." आणि आत जाऊन वहिनीला चहा टाकायला सांगताना तुझा आवाज फुटला, तो मी ऐकला.

शुद्धीवर आले तेव्हा तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. तू वाकून विचारलंस, "एकोणतीस साती?" यंत्रातले पाढे मी तुला कधीतरी रागाच्या आधी सांगितले असणार. मी म्हटलं, "दोनशे तीन." तू नर्सला म्हणालास, "हिचं डोकं आहे तिथे आहे. उलट सुधारलंय. आधी हा पाढा येत नव्हता."

माझा वास गेला. सर्जन म्हणाले होते, त्या जागेच्या ऑपरेशनात असं होतं कधीकधी. मोगरा गेला, बोंबील गेला, हेमाच्या केसांचा वास गेला. आणि गेली सात वर्षं, भाऊ, तू घरी आलास की दूध नासलंय का ते बघायला मी तुला हाक मारली आणि प्रत्येक वेळी टोमणा मारला. "फुगा तसाच राहिला असता कदाचित. शंभर वर्षं. नाक तर गेलं नसतं." तू दुधाचं भांडं नाकाला लावायचास, म्हणायचास, "चांगलंय. चहा कर." वाद घालायला कधी कमी नव्हतास, पण इथे कधी उत्तर दिलं नाहीस. मला वाटायचं, तुझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर होतं. परवा, सगळे गेल्यावर वहिनीने सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर येऊन तुला बोलले होते. फुग्याची भिंत इतकी पातळ झाली होती, की आतलं रक्त फिरताना दिसत होतं. वर्ष निघालं असतं असं सांगता येत नव्हतं. मी वहिनीवर ओरडलेच, "सात वर्षं मला का नाही सांगितलं? मी त्याला किती बोलले!"

वहिनी म्हणाली, "मीबी हेच म्हटलं त्यांना. तर म्हणे, सांगितलं की माझं बरोबर ठरलं. मग पुढं हेमाची वेळ आली, की नंदा स्वतः इचार करणार नाही, माझं ऐकेल. हेमालाबी ऐकायला लावेल. तिचं तिला ठरवू दे."

मी खाली बसले, भाऊ. जिंकलेला वाद तू मुद्दाम सात वर्षं हरत राहिलास.

यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. माझ्याच डोक्यातली गोष्ट माझ्यापासून लपवायचा तुला काय हक्क? विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणणारा तू, हे मात्र मला न विचारता केलंस. तू असतास तर दुपारभर भांडलो असतो, आणि मला वाटतं या वेळी मी जिंकले असते. पण आभारही मानायचे आहेत, ते कधी मानले नाहीत. वापीच्या त्या हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, पण बोलणं शाबूत होतं. तू म्हणालास, "नंदे, हेमाचं..." आणि मी म्हटलं, "आता नको, आधी बरा हो." तू लगेच गप्प झालास, तुझी जन्माची सवय. ते वाक्य अर्धं राहिलं. आभाराचं माझं वाक्य तर सुरूही झालं नाही. आता घे. तुझ्यामुळे मी आईपेक्षा वयाने मोठी झाले आहे. श्रावणात सेहेचाळीस पूर्ण झाली. आपल्या घरातल्या कुठल्या बाईने पाहिलं नाही ते वय मी बघतेय, आणि सांगते, चांगलं आहे. चष्मा लागतो, बाकी चांगलं आहे.

हेमा आता अठराची. काल संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. आई, मधू, मी. सापडलं तर काय करावं लागतं, त्यात काय जातं, न शोधता जगणारी माणसंही असतात आणि तीही मूर्ख नसतात. आता मुंबईतही ते यंत्र आलंय, जमीन विकायला नको. मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही. जीभ दाताखाली धरून बसले, खरंच सांगते, इतकं कठीण काम ऑपरेशनही नव्हतं.

तिने खूप प्रश्न विचारले. काहींची उत्तरं मला आली नाहीत. मग उठली, गॅलरीत गेली, आत आली. म्हणाली, "एवढ्यात नको आई. बारावी होऊ दे. मग बघू. आणि मी स्वतः डॉक्टरांशी बोलेन, तू बाहेर बसायचंस."

"बसेन," मी म्हटलं.

"मंगळसूत्र-बिंगळसूत्र नाही माझ्याकडे. पण घड्याळ धरायला लागेल."

मी हो म्हटलं, भाऊ. आत जाऊन दूध तापवायला ठेवलं, आणि ती मागून आली, भांड्यावर वाकली आणि म्हणाली, "हे नासलंय गं."